आईचं मृत्युपत्र, दादरचा फ्लॅट, प्रोबेट लागेल का? आणि वकील कसा निवडायचा?

मीनल_दादर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून लिहितेय. आई फेब्रुवारीत गेली. बाबा २००९ मध्येच गेले. दादरचा फ्लॅट आईच्या नावावर आहे, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही तिचंच नाव. आम्ही तिघं भावंडं, दादा न्यू जर्सीत, ताई नागपूरला, मी धाकटी आणि आईजवळ राहणारी. आईने २०१६ मध्ये मृत्युपत्र केलंय, साध्या कागदावर टाइप केलेलं, रजिस्टर नाही, खाली तिची सही आणि दोन साक्षीदार, एक आमचे फॅमिली डॉक्टर आणि एक शेजारच्या काकू. फ्लॅट मला, एफडी तिघांत सारख्या. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) मामा, तो आता ऐंशीच्या पुढे, घराबाहेर पडत नाही.

सोसायटीत गेले तर सेक्रेटरी म्हणाले प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणा. वर नॉमिनेशनचा फॉर्म काढला तर त्यात दादाचं नाव! आईने कधी भरला होता कोण जाणे. एका वकिलांकडे गेले, ते म्हणाले हायकोर्टातून प्रोबेट काढून देतो, फी आत्ता काही नको, ऑर्डर हातात आली की फ्लॅटच्या बाजारभावाच्या पाच टक्के द्या. दुसरे फोनवर म्हणाले की कायदा बदलला, प्रोबेटची गरजच नाही उगाच पैसे घालवू नका. दादा म्हणतो आधी सगळं कायदेशीर कर मग मी सही करतो. मला रात्री झोप लागत नाहीये. नक्की काय करायचं आणि चांगला वकील ओळखायचा कसा?

सुहासकाका
मीनल, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी बँकेत होतो, क्लेम सेटलमेंटचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं, त्यामुळे एफडीचं मी सांगतो, फ्लॅटचं जाणकार सांगतीलच.

एफडीला नॉमिनी असेल तर बँक क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं केवायसी घेऊन पैसे नॉमिनीला देते, सक्सेशन सर्टिफिकेट (वारसाहक्काचा कोर्टाचा दाखला) मागायचं कारण नाही. पण ते पैसे नॉमिनीचे होत नाहीत, तो फक्त सांभाळणारा, वाटप मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणेच. नॉमिनी नसेल, मृत्युपत्रही नसेल आणि हक्कावर वाद नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नव्या निर्देशांप्रमाणे बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या कागदपत्रांवर काम होतं आणि सगळे कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकालात काढायचा असतो. काउंटरवर कोणी उगाच कोर्टाचा कागद मागितला तर "लेखी द्या" एवढंच म्हणायचं.

शेअर्स असतील तर डीमॅट खात्यात १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे, कागदी शेअर्सना प्रत्येक कंपनीमागे ५ लाखांपर्यंत. कपाटात जुने कागदी शेअर्स सापडले आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतलेला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे (आयईपीएफ) गेलेले असू शकतात, तेही परत मिळतात, फक्त वेळ लागतो.

वकील_ठाणेकर
मीनलताई, मी वकिली करतो पण इथे लिहितोय ते सर्वसाधारण माहिती म्हणून, तुमचे कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

पहिली गोष्ट, त्या पाच टक्केवाल्या वकिलांना नकार द्या. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा केसमधून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. "ऑर्डर आली की पाच टक्के" हे ऐकायला सोयीचं वाटतं कारण आत्ता खिशातून काही जात नाही, पण दादरच्या फ्लॅटचे पाच टक्के म्हणजे किती होतात ते कागदावर मांडून बघा. तुलनेसाठी सांगतो, महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी कितीही मोठी इस्टेट असली तरी जास्तीत जास्त ७५,००० रुपये आहे. वकिलाची फी वेगळी, ती टप्प्याटप्प्याने ठरवून घ्यावी, अर्ज तयार करून दाखल करणं हा एक टप्पा, कोर्टाच्या ऑफिसच्या हरकती काढून सायटेशन (वारसांना नोटीस) बजावणं हा दुसरा, ऑर्डर आणि सर्टिफाइड कॉपी हा तिसरा. आणि कोणी कॅव्हेट (प्रोबेटला हरकत) टाकली तर अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे, उलटतपासणी सगळं आलं, त्याची फी काय हे आजच विचारून ठेवायचं कारण तेव्हा मागे फिरता येत नाही.

दुसरी गोष्ट, फोनवरचे वकील अर्धं बरोबर बोलले. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेलं किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलचं हिंदू माणसाचं मृत्युपत्र प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क म्हणून चालत नव्हतं. पुण्या-नागपुरात तशी सक्ती नव्हती, मुंबई, चेन्नई, कोलकात्याला होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. म्हणजे सक्ती गेली. प्रोबेट गेलेलं नाही, ज्याला हवं तो आजही काढू शकतो आणि जिथे भांडण व्हायची शक्यता आहे तिथे काढावंच, कारण प्रोबेट मिळालं की ते मृत्युपत्र खरं की खोटं हा प्रश्न सगळ्या जगापुरता मिटतो.

पण ताई, मला तुमच्या पोस्टमधलं वेगळंच वाक्य खटकलं. बाबा २००९ ला गेले आणि फ्लॅट आईच्या नावावर. मग फ्लॅट मुळात घेतला कोणी होता? आईच्या नावावर आला कसा?

गिरीश_सोसायटीवाला
मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे म्हणून आमची बाजू सांगतो. आम्ही प्रोबेट मागतो ते त्रास द्यायला नाही हो, उद्या दुसरा वारस आला तर कमिटीलाच उत्तर द्यावं लागतं. तरी पण सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला जे कलम १५४ब-१३ आलं ते सेक्रेटरींनी एकदा तरी वाचावं. त्यात सभासदाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा कागद यांच्या आधारे हस्तांतर करता येतं असं लिहिलंय. आणि नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरा वारस ठरेपर्यंत. त्यामुळे मीनलताई, फॉर्मवर दादाचं नाव आहे म्हणून फ्लॅट दादाचा झाला असं नाही, घाबरू नका. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत मृत्युपत्राची प्रत आणि पोच घ्या. तोंडी बोलणं सोडून द्या. तोंडी नकाराला काहीच किंमत नसते आणि नंतर तो सिद्धही करता येत नाही.

मीनल_दादर
@वकील_ठाणेकर, फ्लॅट बाबांनी १९८३ मध्ये घेतला, करार बाबांच्या एकट्याच्या नावावर. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. ते गेल्यावर आई नॉमिनी होती म्हणून सोसायटीने तिच्या नावावर केला, तेव्हा आम्ही तिघांनी सोसायटीच्या छापील फॉर्मवर ना हरकत म्हणून सह्या दिल्या होत्या. मग फ्लॅट आईचाच झाला ना?

वकील_ठाणेकर
हीच शंका होती.

बाबा मृत्युपत्र न करता गेले. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांची बायको आणि तिन्ही मुलं हे पहिल्या वर्गाचे वारस (बाबांची आई तेव्हा हयात असेल तर तीही, हे मला सांगा). आजी नव्हती असं धरलं तर २००९ सालीच आई, दादा, ताई आणि तुम्ही अशा चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा झाला. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव घातलं ते सोसायटीच्या कारभारापुरतं. त्या छापील ना हरकतीने तुमचे हिस्से आईकडे गेले नाहीत, स्थावरातला हक्क सोडायचा तर रजिस्टर झालेलं हक्कसोड पत्र लागतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, कंपनीच्या शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं.

म्हणजे आई मृत्युपत्राने फक्त स्वतःचा चौथा हिस्सा तुम्हाला देऊ शकत होती. तुमचा स्वतःचा चौथा धरून तुमच्याकडे अर्धा. उरलेला अर्धा दादाचा आणि ताईचा, आणि तो आईकडून आलेला नाही, थेट बाबांकडून आलाय.

उद्या तुम्ही हायकोर्टात जाऊन प्रोबेट घेऊन आलात तरी हे बदलणार नाही. प्रोबेट देणारं कोर्ट बघतं की मृत्युपत्र खरंच त्या व्यक्तीने, शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर केलं का. त्या व्यक्तीच्या मालकीचं नेमकं किती होतं हे ते कोर्ट ठरवत नाही. मालकीचा कागद न बघता थेट प्रोबेटचा आकडा सांगणारा वकील असेल तर मग फी कितीही कमी असो, तिथून उठावं असं माझं स्पष्ट मत आहे.

रानजाई
वकीलसाहेब, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, ठाण्याचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. मला एक मुलगी. सगळे म्हणतात फ्लॅट तुझाच आहे. सासूबाई गावाला दिराकडे असतात. त्यांचाही हिस्सा येतो का? आणि माझ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत हो.

वकील_ठाणेकर
@रानजाई, हो ताई, येतो. मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते, त्यामुळे तुम्ही, मुलगी आणि सासूबाई अशा तिघींचा एकेक तृतीयांश. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांचा तृतीयांश त्यांच्या मुलांकडे जातो, म्हणजे दीर, नणंदा असतील तर त्या, आणि तुमच्या मिस्टरांच्या जागी तुमची मुलगी. त्या हिश्श्यात सून म्हणून तुमचं नाव लागत नाही. म्हणून सासूबाईंची मनापासून तयारी असेल तर त्यांनी आत्ताच तुमच्या किंवा नातीच्या नावे हक्कसोड पत्र रजिस्टर करून द्यावं. त्यांना आग्रह करून, अंधारात ठेवून सही घ्यायची नाही, पुढे तेच कारण होऊन कागद रद्द होतो. त्यांना सगळं वाचून दाखवा, समजू द्या.

पैशांचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा हक्क आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी सांगतात. बिनधास्त जा, तिथे तुमच्यासारख्याच बायका रांगेत असतात आणि पॅनलवरचे बरेच वकील मन लावून काम करतात.

रानजाई
उद्याच फोन करते. खूप खूप आभार. सासूबाईंना मी कधी परकं मानलं नाही, त्यांच्याशी बोलायला मला काही वाटणार नाही.

पणजीकर
आमच्याकडे गोव्यात हे सगळं वेगळं आहे म्हणून सांगतो, इथल्या कोणाचं गोव्यात घर असेल तर मुंबईचा हिशोब तिकडे लावू नका. गोव्याचा स्वतःचा उत्तराधिकाराचा कायदा आहे, २०१२ चा. लग्न झालं की दुसरा काही करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, अर्धी अर्धी. माणूस गेला की आधी जोडीदाराचा अर्धा बाजूला काढतात आणि मगच उरलेल्या अर्ध्याचं वारसांत वाटप. मुलांना पूर्णपणे डावलून मृत्युपत्र करता येत नाही, उरलेल्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीवच असतो. सगळे एकमताचे असतील तर स्पेशल नोटरीसमोर वारस ठरवण्याचा डीड होतो, नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत ताटवाटीपासून माडापर्यंत सगळ्याची यादी होते. त्यामुळे वकील गोव्यातलाच आणि इन्व्हेंटरीची कामं केलेलाच बघावा.

मिलिंद_बेएरिया
मीनल, दादासाठी लिहितोय. मी इथे अमेरिकेत बसून पुण्याच्या घराचं हक्कसोड पत्र केलं. दादाला यायची गरज नाही. फक्त त्या एका कामापुरती पॉवर ऑफ अॅटर्नी करायची, त्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, कोणाच्या नावे हक्क सोडतोय, काय अधिकार दिलाय हे स्वच्छ लिहायचं. इथे नोटरीसमोर सही, मग राज्य सरकारच्या ऑफिसातून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का). कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची, हे लोक विसरतात आणि मग सब रजिस्ट्रारकडे अडतं. मसुदा मुंबईच्या वकिलाकडूनच करून घ्या आणि इथे सही करायच्या आधी सब रजिस्ट्रार ऑफिसला तो मजकूर चालतो का ते त्यांना विचारायला लावा. माझ्या वेळी आधार आणि पासपोर्टवरच्या नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून एक फेरी वाढली होती, तेवढं आधीच जुळवून घ्या.

मीनल_दादर
आजी १९९१ ला गेली, म्हणजे बाबांच्या आधी. तेव्हा चौघांचे चार हिस्से बरोबर.

सगळं परत परत वाचलं. मला एकच कळत नाहीये, दादाला आणि ताईला हे माहीत नाही. त्यांना वाटतंय की आईने फ्लॅट मला दिला आणि विषय संपला. मी त्यांना सांगायचं की तुमचा चौथा चौथा हिस्सा आहे म्हणून? माझी एक मैत्रीण म्हणाली गप्प बस, सह्या घे आणि मोकळी हो.

सुहासकाका
मीनल बेटा, सांगायचं. ते त्यांचं आहे आणि त्यांना माहीत असायला हवं. बँकेत माझ्यासमोर भावंडं एकमेकांशी बोलायची बंद झालेली बघितलीत मी, रक्कम फार मोठी असायची असं नाही, पण "तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस" हे वाक्य मात्र प्रत्येक वेळी असायचं. तू आईचं सगळं केलंस हे त्या दोघांना दिसतंय. त्यांनी समजून उमजून सोडलं तर तुलाही त्या घरात सुखाने राहता येईल.

वकील_ठाणेकर
काकांशी पूर्ण सहमत, आणि कायद्यानेही तेच शहाणपणाचं आहे. हक्कसोड पत्रात आम्ही मुद्दाम लिहितो की सोडणाऱ्याला आपला हिस्सा किती याची पूर्ण कल्पना आहे. ते वाक्य खरं असलं पाहिजे.

तिघांचं जमलं तर रस्ता सोपा आहे. दादा आणि ताई एकाच रजिस्टर हक्कसोड पत्राने बाबांकडून आलेला आपला हिस्सा आणि आईच्या हिश्श्यात वारस म्हणून जो काही हक्क येईल तो, दोन्ही तुमच्या नावे सोडतील. दोन्ही शब्दांत यायला हवं, नुसतं "आईच्या मालमत्तेतला हक्क" लिहिलंत तर बाबांकडचा अर्धा बाहेरच राहतो. मोबदला न घेता सख्ख्या भावंडाच्या नावे केलं तर स्टॅम्प ड्युटी नाममात्र असते, त्यांना बदल्यात पैसे द्यायचे ठरलं तर हिशोब बदलतो, ते आधी सांगा. असं झालं तर प्रोबेटच्या मागे लागायची व्यवहारात गरज उरणार नाही.

नाही जमलं तर आईच्या चौथ्या हिश्श्यासाठी हायकोर्टात अर्ज करावा आणि उरलेल्यासाठी वाटपाचा दावा, तो बराच लांबतो. मामांना झेपत नसेल तर ते एक्झिक्युटर म्हणून लेखी नकार देऊ शकतात, मग ज्यांना मृत्युपत्राने मिळायचंय त्यांच्यापैकी कोणी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार, मागतं. लक्षात ठेवा, ते मिळाल्यावर जबाबदारीही येते, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्च कोर्टात द्यावा लागतो.

जमो न जमो, एक काम या आठवड्यात करा. डॉक्टर आणि शेजारच्या काकू, दोघांपैकी एकाचं तरी साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र करून ठेवा की आमच्यासमोर सही झाली. रजिस्टर नसलेल्या मृत्युपत्राचा सगळा जीव साक्षीदारात असतो. आणि मूळ मृत्युपत्र कोणाच्याही हातात सहज देऊ नका, रंगीत स्कॅन काढा, वकिलाला दिलंत तर लेखी पोच घ्या.

गिरीश_सोसायटीवाला
वकील शोधायचं राहिलंच की. आमच्या सोसायटीत तीन-चार वारसाची प्रकरणं झाली त्यावरून सांगतो. जो पहिल्या भेटीत "मृत्यूचा दाखला, मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, सगळ्या वारसांची नावं घेऊन या" म्हणतो तो बरा. सनद नंबर विचारायला लाजू नका. हायकोर्टाच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, टेस्टामेंटरी पिटिशन्स (मृत्युपत्राची प्रकरणं) चालवलेत की नुसते चेक बाउन्सचे खटले ते दिसतं. फीची पावती मागा. वकीलपत्रावर सही करायच्या आधी वाचा.

मीनल_दादर
काल रात्री तिघांचा व्हिडिओ कॉल झाला. मी सगळं सांगितलं, वकीलसाहेबांचा मजकूरच वाचून दाखवला. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की बाबांचं घर आहे, मला त्यातले पैसे नकोत पण माझ्या मुलांना मुंबईत आल्यावर हक्काने उतरायला जागा हवी. ताई म्हणाली मुलीच्या शिक्षणाचं बघायचंय, एफडीतला माझा हिस्सा मला जास्त दे, फ्लॅटवर मी सही करते. मी हो म्हणाले. डॉक्टरकाका शनिवारी प्रतिज्ञापत्रासाठी यायला तयार आहेत.

एफडीतून ताईला जास्त द्यायचं हे हक्कसोड पत्रात लिहायचं का वेगळं?

वकील_ठाणेकर
फार बरं वाटलं वाचून. मजकूर ठरवायच्या आधी हे वकिलाला उघड सांगा, लपवून "मोबदला नाही" लिहू नका. एफडीचं जास्त देणं हे फ्लॅटच्या बदल्यात असेल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो आणि ड्युटीचा प्रश्न येतो. तिघांनी मिळून आई-बाबांच्या सगळ्या मालमत्तेची एकत्र कौटुंबिक व्यवस्था लिहून रजिस्टर करायची, त्यात एफडी आणि फ्लॅट दोन्ही घ्यायचे, हा दुसरा पर्याय. दोन्हींची ड्युटी काढून बघा आणि मग ठरवा. दादाच्या मुलांच्या राहण्याचं काही लिहायचं असेल तर ते राहण्याची मुभा म्हणून लिहा, हक्क म्हणून लिहिलंत तर उद्या फ्लॅट विकताना खरेदीदाराची बँक अडवेल. १९८३ चा मूळ करार सापडलाय ना? त्याची स्टॅम्प ड्युटी तेव्हा भरलेली होती का आणि तो रजिस्टर होता का, हे शनिवारच्या आत बघून इथे लिहा.